कुणाचा आवाज, कुणाच्या कानी?

एप्रिल २०२२ मध्ये झाशी जिल्ह्यातल्या बडागावात राम जानकी मंदिर आणि जामा मशीद या दोन्ही ठिकाणचे भोंगे आपसांतल्या सहमतीनं उतरवले गेले. उत्तर प्रदेशात तेव्हा भोंग्यांविरुद्ध सरकारी मोहीम सुरूच होती. पण इथं दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांशी बोलून निर्णय घेतला. आरती आणि अजान दोन्ही चालू राहिल्या. मग भोंग्यानं उपासनेत कशाची भर घातली होती? भजन-कीर्तन करणाऱ्या प्रत्येक गायकानं हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, कारण आता माइकशिवाय त्याचा कार्यक्रम उभाच राहत नाही.

देवाला ऐकू जावं म्हणून माइक लागत नाही, हे कुठलाही भाविक मान्य करील. तो लागतो माणसांसाठी, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. भागवतात प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो, तेव्हा श्रवण पहिलं येतं आणि कीर्तन दुसरं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातलं निरूपण नीट ऐकू आलं नाही, तर उत्तररंगातल्या आख्यानाचा त्याच्याशी असलेला धागाच तुटतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजींपर्यंत ते निरूपण पोचवणारं यंत्र श्रवणभक्तीचीच सोय करतं.

खरा पेच वेगळा आहे: पोचतो तो आवाज कुणाचा?

विसाव्या शतकात भारतातल्या मुस्लिम विद्वानांनी यावर गांभीर्यानं खल केला. लाउडस्पीकरमधून येणारा आवाज इमामाचाच की त्याचा प्रतिध्वनी, आणि तो प्रतिध्वनी असेल तर त्याच्यामागं केलेली नमाज ग्राह्य का, असा तो वाद होता. देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी त्यावर लिहिलं आणि पुढे आधीच्या मताचा फेरविचारही केला. प्रश्न शब्दच्छलाचा नव्हता. माइकमधला पातळ पडदा आवाजानं थरथरतो, त्या थरथरीचा विद्युतसंकेत होतो, अँप्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर हवेत पुन्हा नवी कंपनं उठवतो. श्रोत्याच्या कानावर पडतात ती ही नवी कंपनं.

तिकडे बॉस्टनमध्ये १९३२ साली कॅथलिक चर्चचे कार्डिनल ओकॉनेल यांनी क्रूनर गायकांवर जाहीर टीका केली. माइकमुळं शक्य झालेलं ते कानाशी कुजबुजल्यासारखं गाणं त्यांना अधःपतनाचं लक्षण वाटलं. त्यांचा निवाडा टिकला नाही, पण एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती: माइक आवाज मोठा करतो, तसं गाणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी असलेलं नातंही बदलतो. हळू गाऊनही हजारांपर्यंत पोचता येऊ लागलं, तेव्हा ओरडण्याची गरजच संपली.

म्हणून माइकची निवड ही भाविक गायकासाठी निव्वळ खरेदी उरत नाही. पेटी, तबला आणि झांजांच्या गजरात बसून गाणाऱ्याला कार्डिऑइड जातीचा डायनॅमिक माइक सोयीचा. १९६६ पासून मिळणारा शुअर एसएम५८ हे त्याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. तो समोरचा आवाज नीट घेतो आणि पाठीमागचा बराचसा टाळतो. त्यामुळं मॉनिटर स्पीकर त्याच्या पाठीशी ठेवला तर शिट्टी कमी वाजते. माइकची जाळी मुठीत झाकली की हा गुण जातो. ओठ अगदी जवळ नेले तर खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं तर पातळी सुमारे ६ डेसिबलनं उतरते. तारसप्तकात जाताना किंचित मागं सरणं आणि मंद्रात जवळ येणं, हा रियाजाचाच भाग समजला पाहिजे. कंडेन्सर माइक बारकावे सुरेख टिपतो, पण तसाच शेजारच्या झांजाही टिपतो, आणि त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. उभं राहून, नाचत कीर्तन करणाऱ्या बुवांना स्टँडवरचा माइक जखडून टाकतो; त्यांना तोंडाजवळ राहणारा हेडसेट बरा, कारण कॉलरला लावलेल्या माइकवर हातातल्या झांजाच आधी आदळतात.

माइक नव्हता त्या काळातला कीर्तनकार छातीच्या जोरावर जितका पोचे तितकीच त्याची सभा. माइकनं ही नैसर्गिक हद्द पुसली आणि ती आखण्याचं काम गायकावर सोपवलं. कायद्यानं त्यातली थोडी आखून दिली आहे: ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही.

पण डेसिबल मोजून गायकाची जबाबदारी संपत नाही. जो ऐकायला आला आहे त्याच्यापर्यंत शब्द नेणं ही सेवा आहे. जो आलेला नाही, आजारी आहे, अभ्यासाला बसला आहे, त्याच्या घरात तोच शब्द ढकलणं म्हणजे त्याला श्रवणाची निवडच नाकारणं. भक्ती मुळात स्वेच्छेची गोष्ट, म्हणून ही सक्ती तिच्या गाभ्यालाच धक्का देते. तेव्हा मंडपाबाहेर रोखलेल्या एका मोठ्या भोंग्याऐवजी आत, श्रोत्यांकडं किंचित झुकवलेले चार लहान स्पीकर मागावेत. साउंड चेकच्या वेळी साथीदाराला गायला बसवून गायकानं स्वतः मागच्या रांगेत जावं, मग मंडपाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहावं, आणि दोन्हीकडचं ऐकून पातळी ठरवावी.