ज्याला आठवणार नाही, त्याचा नाताळ



आगमनकाळ सुरू झाला. ओट्यांवर कंदील लागू लागले आहेत. गोठ्यासाठी नाचणी पेरण्याची वेळ जवळ आली आहे आणि गायकवृंदाच्या सरावाचा आवाज रात्री साडेनऊपर्यंत आमच्या खोलीत पोहोचतो आहे. (तक्रार नाही, वरच्या पट्टीतले सूर थोडे जपून लावावेत, एवढेच.) या दिवसांत आम्हांला गेल्या वर्षीचा एक फोन हटकून आठवतो. त्या कुटुंबाच्या संमतीने त्याविषयी लिहीत आहोत. नावे सांगणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ती न पटल्यासारखे करावे, ही विनंती.

फोन आखातातून होता. आपल्याच धर्मग्रामातला तरुण, तेथे एका कंपनीत हिशेब ठेवण्याचे काम करतो. येथे घरी पत्नी, दोन वर्षांचा मुलगा आणि आई. आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. सकाळचा चहा झाला की दहा मिनिटांनी ती पुन्हा चहा मागते.

तो म्हणाला, "फादर, वर्षातून एकदाच सुट्टी मिळते. नाताळला यायचे म्हटले तर तिकीट दुपटीच्या वर जाते. फेब्रुवारीत आलो तर तिकीट स्वस्त पडेल आणि पावसाच्या आत घराचे छप्परही होऊन जाईल. बायको म्हणते, नाताळलाच या. पण मी येऊ कोणासाठी? पोराला यातले काही आठवणार नाही. आईला तर सकाळचे दुपारी आठवत नाही. पोर पाच वर्षांचे होऊ दे, मग दणक्यात नाताळ करू. यात पाप आहे का?"

पाप नाही, असे आम्ही लगेच सांगितले. घर चालावे म्हणून जो दूर गेला आहे त्याने तिकिटाचे पैसे वाचवले तर त्यात पाप कसले? आपल्या धर्मग्रामात कितीतरी जण नाताळच्या रात्री बोटीवर असतात, रुग्णालयात पाळी करतात, रेल्वेत ड्यूटीवर असतात. पण त्याचा तो शब्द आम्हांला बोचत राहिला. कोणासाठी?

आम्हीही शिकल्यासवरल्या माणसासारखे उत्तर दिले. मानसशास्त्रात 'बालविस्मृती' नावाची गोष्ट आहे. मोठेपणी बहुतेकांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडचेच काही आठवते, त्यापलीकडे अंधार असतो. मात्र प्रसंग आठवत नसला तरी त्यातून मिळालेला विश्वास मुलाच्या अंगी मुरतो. आपल्याला उचलून घेणारे कोणीतरी आहे, हे त्याला कळते आणि त्यावर पुढे त्याचा स्वभाव घडतो. तेव्हा तू ये. मुलाचा पाया पक्का होईल.

तो हिशेबनीस! क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ही गुंतवणूक झाली, फादर. पोराच्या बाबतीत पटले. पण मग आईचे काय? तिचा आता कसला पाया घालायचा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. "उद्या फोन करतो" असे सांगून आम्ही फोन ठेवला.

त्या रात्री आम्ही सेमिनरीतल्या जुन्या वह्या काढल्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात जॉन लॉक या इंग्रज विचारवंताविषयी शिकलो होतो. १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक प्रकरण नव्याने घातले. त्याचा आशय असा की माणसाची जाणीव जेथवर मागे पोहोचते तेथवरच तो 'तो' असतो. म्हणजे जे मला आठवत नाही ते माझ्या बाबतीत घडलेच नाही म्हणा! त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने म्हटले होते की लहान मुलाला खऱ्या अर्थाने सुखी म्हणता येत नाही. आपण त्याला सुखी म्हणतो ते त्याच्याविषयीच्या आशेपोटी. दोघेही मोठे. पण त्यांचे म्हणणे आपल्या त्या घराला लावून पाहा. मूल अजून कोणी नाही आणि आजी आता कोणी राहिली नाही, मधले कमावते तेवढे खरे, असे निघते. परीक्षेत या मुद्द्यावर आम्ही बरे गुण मिळवले होते. त्या रात्री वही वाचताना मात्र लाज वाटली, कारण आमचे उत्तरही त्याच हिशेबातले होते. मुलाचा आजचा आनंद आम्ही उद्याच्या फायद्यावर तोलला होता.

येथे थोडे स्वतःविषयी. आमच्या पहिल्या नाताळची एक गोष्ट आई नेहमी सांगायची. वडिलांनी गोठ्यासाठी आणलेल्या पेंढ्यात आम्ही रांगत जाऊन झोपलो आणि घरचे सगळे आम्हांला विहिरीपर्यंत शोधत गेले. सापडल्यावर आई रडली, मग हसली आणि तिने आम्हांला तेथेच निजू दिले. बाळ येशूची मूर्ती त्या रात्री टेबलावर राहिली. आम्हांला यातले काही आठवत नाही. आठवते ते आईचे सांगणे. आता आई नाही, वडील नाहीत, शोधायला गेलेले काकाही गेले. ती रात्र पाहिलेले या जगात कोणी उरलेले नाही. मग ती रात्र पुसली गेली काय? त्या पेंढ्यातली ऊब खोटी ठरली काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी एक प्रश्न घेतला आहे: घडून गेलेली गोष्ट देव 'न घडलेली' करू शकतो का? त्यांचे उत्तर स्पष्ट आहे, नाही. वर्गात हा प्रश्न म्हणजे आम्हांला केस चिरत बसणे वाटे. त्या रात्री तो फार जवळचा वाटला. एका पोराला कोणीतरी प्रेमाने उचलून घेतले, हे एकदा घडले की घडले. त्याला ते आठवो न आठवो, ते सत्य कायमचे झाले. आठवण ही आनंदाची पावती आहे. पावती हरवली म्हणून दिलेले दान परत येत नाही.

ख्रिस्तसभेचे वागणे पाहिले तर ती हे फार पूर्वीपासून जाणते, असे दिसेल. आपण तान्ह्या बाळांना स्नानसंस्कार देतो. आपल्यापैकी कितीजणांना स्वतःचा स्नानसंस्कार आठवतो? डोक्यावर पाणी पडल्यावर आपण किती रडलो, हे धर्ममातेने सांगावे तेव्हा कळते. नाताळनंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, आपण निष्पाप बालहुतात्म्यांचा सण पाळतो. बेथलेहेमातील ती दोन वर्षांची आणि त्याहून लहान बाळे. त्यांना येशू कोण हे ठाऊक नव्हते, त्यांनी श्रद्धेचा एक शब्द उच्चारला नव्हता. तरी ख्रिस्तसभा त्यांना हुतात्मे म्हणते. त्यांना काय कळत होते, हा प्रश्न तिने विचारला नाही.

आणि नाताळची गोष्ट तरी आपल्यापर्यंत कशी आली? संत लूक दोनदा सांगतो की पवित्र मरियेने हे सारे आपल्या अंतःकरणात जपून ठेवले. गव्हाणीतल्या बाळाला गव्हाणी आठवत असेल काय? प्रभू खरोखर मानव झाला असे आपण मानतो, तर त्याचे बालपणही खरे बालपण होते. तोही कोणाच्या तरी कडेवर, काहीही पाठ न करता, वाढला. त्याच्या वाटची आठवण आईने ठेवली. संत अगस्तीनही आपल्या आत्मकथनाच्या आरंभी मान्य करतात की त्यांना आपले तान्हेपण आठवत नाही, इतरांनी सांगितले म्हणून आणि इतर बाळांकडे पाहून ते कळले. तरी त्या न आठवणाऱ्या दुधाबद्दलही ते देवाचे आभार मानतात.

दुसऱ्या दिवशी हे सगळे सांगण्याच्या तयारीने आम्ही फोन लावला. आम्ही तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "फादर, तिकीट काढले." आमच्या वह्यांचा त्यात काडीचा वाटा नव्हता. रात्री पत्नीने त्याला सांगितले होते की मुलगा आता कोणाचाही मोबाईल दिसला की त्याला 'पप्पा' म्हणतो.

२६ डिसेंबरला आम्ही त्या घरी आजीसाठी ख्रिस्तशरीर घेऊन गेलो. सगळे चित्रासारखे सुंदर होते असे लिहिले तर खोटे होईल. मुलगा दोन दिवस बापाकडे जायला तयार नव्हता. पडद्यावरचा पप्पा हा एवढा मोठा, दाढीचा वास येणारा माणूस कसा असेल? आणलेली चावीची मोटार बाजूला पडली होती आणि तो मोटारीच्या खोक्यात जाऊन बसला होता. आजीने मुलाला नवऱ्याच्या, म्हणजे त्याच्या दिवंगत वडिलांच्या, नावाने हाक मारली आणि विचारले, "दुकान बंद केले का?" तो म्हणाला, "केले." बरे केले, खोटे बोललास, असे आम्ही मनात म्हटले. (संत अगस्तीनांनी असत्याविरुद्ध दोन ग्रंथ लिहिले आहेत. त्यांची क्षमा मागतो.)

मग फोटो काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. लाल टोपी घालून, गोठ्यासमोर बसवून, 'इकडे बघ, हस' असे पंधरा मिनिटे चालले. पोर टोपी ओरबाडू लागले, आई घामाघूम झाली, आत्या मोबाईल आडवा धरू की उभा या विवंचनेत. आम्हीही 'हस बघू' करून टाळ्या वाजवीत होतो, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात खाटेवरून आजी म्हणाली, "टोपी काढा त्याची. टोचतेय त्याला."

टोपी काढली. आतली शिवण खरोखरच कडक होती. पोर सरपटत आजीकडे गेले. तिने ताटलीतली करंजी मोडून सारण त्याच्या तोंडात घातले, आवरण स्वतः खाल्ले. त्या खोलीत आम्ही सारे आठवणी तयार करण्यात गुंतलो होतो. ज्यांना काही आठवणार नव्हते ते दोघेच काय ते त्या वेळी नाताळ करीत होते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. अल्झायमर झालेल्या रुग्णांना त्यांनी काही दुःखद आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण चित्रफितीतले बरेचसे विसरून गेले, पण मनात उठलेला आनंद किंवा दुःख मागे रेंगाळत राहिले. ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत त्यांना हे अनुभवाने ठाऊकच असेल. भांडण विसरले जाते, चेहरा उतरलेला राहतो. मात्र या अभ्यासावर आम्ही आमचे म्हणणे टेकवू इच्छित नाही. समजा, काहीच मागे राहिले नसते, करंजीची गोडी जिभेवरून उतरताच सारे संपले असते, तरी ती करंजी द्यायची की नाही? आम्हांला वाटते, द्यायची. भुकेल्याला जेवण देताना, हा जेवण लक्षात ठेवील काय, असे आपण विचारत नाही.

त्या तरुणाने किंमत मोजली, हेही लिहिले पाहिजे. ६ जानेवारीला तो परत गेला. मुलाने दोन दिवस दारामागे, खाटेखाली त्याला शोधले आणि मग शोधणे सोडून दिले. त्याच संध्याकाळी आजीने सुनेला विचारले, "तो नाताळला येणार आहे ना?" छपराचे काम झाले नाही, यंदाचा पाऊस त्यांनी ताडपत्रीखाली काढला. या वर्षी त्याला नाताळला रजा मिळालेली नाही. तो फेब्रुवारीत येईल. २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, तो येथे असावा अशी आमची इच्छा आहे. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत त्या सणाला 'भेट' म्हणतात. मंदिरात चाळीस दिवसांचे बाळ आणले जाते आणि शिमोन त्याला हातांत घेतो. शेजारी वृद्ध हन्ना. बाळाला ते दोघे कधीच आठवणार नसतात. शिमोनाला त्याचे काही वाटले नाही. हातात घ्यायला मिळाले, एवढ्यावर तो जायला तयार झाला.

यंदा २४ डिसेंबरला सकाळी आठपासून आम्ही आणि साहाय्यक फादर घरी असलेल्या आजाऱ्यांना व वृद्धांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी फिरणार आहोत. नावे आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. 'त्यांना काही कळत नाही' म्हणून कोणाचेही नाव गाळू नये. आम्ही येऊ त्या दहा मिनिटांत टीव्ही बंद ठेवावा. आणि घरात लहान मूल असेल तर ते दंगा करील म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत नेऊ नये; त्याच खाटेवर बसू द्यावे.

आपले,
धर्मगुरू