परवडणारा आवाज

मराठीत ‘परवडणे’ हे एक फार सोयीचं क्रियापद आहे. ‘मी घेत नाही’ असं म्हटलं की न घेणारा मी ठरतो. कंजूष, कोता, जो काय असेल तो मी. पण ‘मला परवडत नाही’ म्हटलं की सगळा दोष त्या वस्तूवर जातो. मी बिचारा तयारच होतो हो, तीच परवडेना!

आधी बी.कॉम. आणि मग बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढूनही या क्रियापदाचा अर्थ मला कुणी शिकवला नाही. कॉमर्सच्या पुस्तकात किंमत असते, घसारा असतो, इतकंच काय, ज्याला हातही लावता येत नाही त्या गुडविललासुद्धा रकमेचा रकाना असतो. ‘परवडणं’ मात्र कुठल्या बाजूला मांडायचं, हे एकाही ग्रंथकाराने सांगितलेलं नाही. ते मला एका अ‍ॅम्प्लिफायरने शिकवलं.

स्टिरिओवर गाणं ऐकायचं माझ्या मनात लहानपणापासून होतं. आमचं घर दौंडचं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उभा जन्म दौंड जंक्शनच्या फलाटावर दुसऱ्याच्या स्टॉलचा चहा विकण्यात गेला. दौंडला चहा खपायचा तो चवीमुळे नव्हे, भूगोलामुळे. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, आणि तेवढ्या वेळात अख्खी गाडी चहा पिऊन घेई. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. पण त्या काळी इंजिनाच्या कोलांटउडीवर आमची शाळेची फी निघत असे.

आप्पांचा आवाज ही त्या फलाटावरची एक संस्था होती. ‘च्याऽऽय गरम’ ही आरोळी त्यांनी इंजिनापाशी दिली की शेवटच्या डब्यातला माणूस वरच्या बर्थवर उठून बसे. पुढे माझ्या वाचनात आलं की माणूस जीव खाऊन ओरडला, तरी त्याच्या गळ्यातून निघणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे आमचं पाच माणसांचं घर एका मिलिवॅटवर चाललं होतं!

स्टॉलवर खिळ्याला एक ट्रान्झिस्टर टांगलेला असे. त्यावर भीमसेन जोशींचा अभंग लागला की आप्पा किटली खाली ठेवत. एरवी बिनतिकीट प्रवाशांवर त्यांचा भारी राग. जो रेल्वेला बुडवतो तो चहावाल्याला काय सोडणार, असा त्यांचा रोकडा सवाल असे. पण पोरवयात भीमसेन गुरूच्या शोधात गदगचं घर सोडून निघाले आणि बिनतिकीट गाडीत बसून, डब्यात गाणी म्हणत फिरले, ही हकिगत कळल्यापासून तेवढ्या एका प्रवाशाला आप्पांनी माफी दिली होती. ‘तिकीट नव्हतं त्यांच्याजवळ,’ ते म्हणत, ‘पण भाडं जन्मभर देत राहिले की.’

एक अडचण मात्र होती. अभंग रंगात आला की नेमका इंजिनाचा भोंगा वाजे. निम्मा अभंग भीमसेनांचा, निम्मा रेल्वेचा. मोठा झालो की आप्पांना एक अभंग सबंध ऐकवायचा, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुढे मी मोठा झालो, म्हणजे वयाने झालो. माझी शिरूरला बदली झाली. गेल्या दिवाळीत बोनस हातात आला आणि मी पुण्याला जाऊन बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. या गल्लीत पाऊल टाकण्यापूर्वी मी तीन महिने अभ्यास केला होता. बी.कॉम.ला तेवढा केला असता तर आज रीजनल मॅनेजर असतो.

अभ्यासातून पहिली गोष्ट कळली ती अशी, की वॅट दोन प्रकारचे असतात. एक खरा वॅट आणि दुसरा खोक्यावरचा वॅट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ अशी चार अक्षरं छापून पुढे दोन-तीन हजारांचा आकडा घालण्याची आपल्याकडे वहिवाट होती. हे आमच्या अधिकृत भांडवलासारखं झालं. कंपनीचं अधिकृत भांडवल शंभर कोटी असतं, वसूल भांडवल एक लाख असतं आणि चालू खात्यात सतराशे रुपये असतात. आरएमएस म्हणून जो आकडा असतो, तो वसूल भांडवल समजावा.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त गंभीर होती. बारा बाय दहाच्या खोलीत माणूस गाणं ऐकतो तेव्हा खरोखर लागतो साधारण एक वॅट, बरेचदा त्याहूनही कमी. तबल्याची एखादी थाप पडली की क्षणभर दहा-वीस लागतात, म्हणून गंगाजळीत काही शिल्लक हवी, हे बँकवाल्याला वेगळं सांगायला नको. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती दसपट करावी लागते. पगार दसपट झाल्यावर सुख दुप्पट होतं का, हे मला ठाऊक नाही. आमच्या पगाराने तो प्रयोग करू दिलेला नाही.

एवढं सगळं कळूनही मी ५० अधिक ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. साडेचार हजार रुपये. जुन्या स्पीकरची जोडी सात हजार. वायर, प्लगा आणि ओळखीचा दुकानदार म्हणून झालेली जास्तीची फसवणूक धरून एकूण बारा हजार.

‘परवडतं का आपल्याला?’ असं घरी हिने विचारलं.

‘अगं, यालाच परवडणारा स्टिरिओ म्हणतात!’ मी म्हणालो. ही काही बोलली नाही. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली असल्याने तिचं काही न बोलणं मला नीट ऐकू येतं.

पुढल्याच रविवारी दौंडला जाऊन मी आप्पांना शिरूरला घेऊन आलो. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवली. आप्पांना तिथे बसवलं, दार लावलं, पंखा बंद केला आणि भीमसेनांचा अभंग लावला. इंजिन नाही, भोंगा नाही. पस्तीस वर्षांनी सबंध अभंग!

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी आवाज वाढवला. तरी ते बाहेरच बघत होते. मी आणखी वाढवला. घोडनदीच्या पुलावर ऐकू जाईल इतका वाढवला. तेव्हा आप्पांनी कानावर हात ठेवले आणि म्हणाले, ‘बरं आहे. दोन गाड्या एकदम फलाटाला लागल्यासारखं वाटतंय.’

मला राग आला. बारा हजार रुपये आणि दोन गाड्या!

इथे मला एक जुनं खातं उघडावं लागेल. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आप्पांना कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं. ‘आप्पा, ताट वाढलंय’ म्हटलं की ते ‘खाट काढलीय? कशाला?’ असं विचारत आणि घर हसत असे. ‘पैसे’ हा शब्द मात्र त्यांना शेजारच्या खोलीतूनही ऐकू येतो, त्यांचं बहिरेपण सोयीचं आहे, असा माझा एक ठरलेला विनोद होता. तो मी बँकेतही सांगत असे.

दीड वर्षापूर्वी हिच्या आग्रहावरून आम्ही त्यांचे कान तपासून घेतले होते. तिथल्या बाईंनी आलेख काढून दाखवला. डावीकडे रेघ ठीक होती आणि उजवीकडे ती दौंडच्या पुलावरून भीमेत उडी मारावी तशी खाली गेली होती. वय झालं आणि आयुष्य गोंगाटात गेलं की वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी जातं, असं त्यांनी सांगितलं. अ, आ, ई हे स्वर दणकट, ते खालच्या पट्टीत असतात. स, त, क, प ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि आवाजाने नाजूक. त्यामुळे आप्पांना आमचे स्वर पोचत होते, व्यंजनं वाटेतच उतरत होती. ताटाची खाट त्यामुळे होत होती. रोजच्या कानाखालचे शब्द ते अंदाजाने पुरे करत. आणि त्या घरात ‘पैसे’ हा शब्द इतक्या वेळा ऐकलेला होता, की त्याला व्यंजनांची गरजच नव्हती.

उपाय म्हणजे श्रवणयंत्र. एका कानाचे बावीस हजार.

‘कशाला?’ आप्पा म्हणाले. ‘आता ऐकायचं काय राहिलंय? मुलांच्या शिक्षणाला ठेव.’

वाचकहो, मी त्यांचा नकार ताबडतोब मान्य केला. वडिलांची इच्छा मी इतक्या तत्परतेने दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाळल्याचं मला आठवत नाही. समोरच्याचा नकार आपल्या सोयीचा असला की आपण त्याला ‘त्यांची इच्छा’ म्हणतो. गैरसोयीचा असला तर त्यालाच ‘हट्ट’ म्हणतो. बाईंना मी सांगितलं, ‘सध्या परवडत नाही.’ दोष पुन्हा वस्तूवर.

तर त्या रविवारी मी रागाने स्टिरिओ बंद केला. आप्पा अंगणात गेले. ही म्हणाली, ‘अहो, एक विचारू? ते कानातलं यंत्र असतं, त्यात काय असतं?’

मी तीन महिन्यांचा अभ्यास केलेला माणूस. मी उत्साहाने सांगायला लागलो. एक एवढासा माइक, एक एवढासा स्पीकर, आणि मध्ये...

मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असतो.

मी गप्प बसलो. शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर दिवसच्या दिवस चालणारा, वॅटचा हजारावा भाग पुरणारा, आणि जी पट्टी गेली आहे नेमकी तीच उचलून देणारा. तपकीर गल्लीत मी तो विचारला नव्हता. माझा अ‍ॅम्प्लिफायर शंभर वॅट घेऊन आप्पांना जे ऐकू येत होतं तेच जास्त मोठ्याने ऐकवत होता. जे येत नव्हतं, ते तसंच राहत होतं. अशा कानाला मोठा आवाज उलट लवकर बोचतो. दोन गाड्या फलाटाला लागल्या होत्या, त्या खऱ्याच लागल्या होत्या.

‘घरात एकच अ‍ॅम्प्लिफायर परवडतो, हे मला कबूल आहे,’ ही म्हणाली. ‘पण तो भिंतीपाशी ठेवायचा की कानात, एवढं आधी ठरवायला हवं होतं.’

आता या ठिकाणी मी स्टिरिओ विकला असं लिहिलं, तर लेख उंच जाईल. पण मी तो विकला नाही. मी तितका चांगला माणूस नाही, शिवाय जुन्या स्पीकरला गिऱ्हाईक नाही. मी बँकेतून सणाची उचल घेतली. वीस वर्षं लोकांच्या कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ हा रकाना मी तपासत आलो. या खेपेला स्वतःचं कारण लिहिताना पेन जरा अडखळलं. उचलीत एकच कान बसला. मुलाला स्टिरिओ आणि बापाला मोनो, असा आजचा ताळेबंद आहे.

यंत्र लावल्यावर पहिले पंधरा दिवस आप्पा वैतागले. भांडी फार वाजतात म्हणाले, वर्तमानपत्राची घडी मोडताना कडकड होते म्हणाले. मग हळूहळू बसलं. एका संध्याकाळी मी भीमसेनांचा तोच अभंग लावला. बटण आवाजाच्या अगदी पहिल्या खुणेवर. खोलीत एक वॅटही खर्च होत नसेल. आप्पा डोळे मिटून बसले होते. मध्येच डोळे उघडून म्हणाले, ‘मागे तंबोरा वाजतोय होय रे?’

‘हो, आप्पा.’

‘स्टॉलवर कधी कळला नाही तो.’

अभंग सबंध झाला. बाहेर नगर रस्त्यावरून ट्रक जात होते, पण कुणी भोंगा वाजवला नाही. थोड्या वेळाने मी सहज म्हणावं तसं म्हणालो, ‘पुढच्या दिवाळीला दुसऱ्या कानाचं बघू.’

‘राहू दे,’ आप्पा म्हणाले. ‘एक पुरे आहे. कशाला उगाच खर्च?’

‘काय म्हणालात?’ मी म्हणालो. ‘मला नीट ऐकू नाही आलं.’