वाटेचे दान

श्रमदान हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो, की त्यातील ‘दान’ या अर्ध्या भागाकडे क्वचितच आपले लक्ष जाते. मोबदला न घेता कोणी कुदळ हाती धरली, एवढ्यानेच ते दान झाले काय?

हा प्रश्न मनात आला तो एका परदेशी खेळावरून. कॅलिफोर्नियातील टॅमल्पायस पर्वतावर १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन उतारावरून भरधाव खाली येऊ लागले. १९७६ मध्ये त्यांच्या शर्यतीही सुरू झाल्या. आज देशोदेशीच्या उद्यानांत या खेळासाठी स्वतंत्र वाटा निघतात आणि त्या बहुधा स्वयंसेवकच सुटीच्या दिवशी खणतात. वळणांना मातीचा बांध घालावा, दगड रचावेत, पाण्याला बाजूने वाट काढून द्यावी. मजुरी मात्र कपर्दिकही नाही.

यावर कोणी म्हणेल, की खणणारेच उद्या तेथून सायकली हाकणार. मग हे दान कसले? हा आक्षेप मला पटत नाही. विहीर खणणारा स्वतःही तिचे पाणी पितो. तेवढ्याने त्याचे पुण्य आटत नाही. उणीव असलीच तर ती अन्यत्र शोधली पाहिजे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम दानाची व्याख्या करते. दान स्वेच्छेचे हवे, मोबदल्याविना हवे, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारलेले हवे. हे कलम मालमत्तेपुरते आहे, श्रमांना ते लागू नाही, हे मी जाणतो. परंतु त्यातील तिसऱ्या अटीत जो नीतिविचार आहे, तो श्रमदान करणाराच नेमका विसरतो. आपले देणे चांगले आहे, एवढी खात्री त्याला पुरेशी वाटते.

देवासची टेकडी डोळ्यांपुढे आणावी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, पायथ्याशी गाव. समजा, उद्या काही उत्साही तरुणांनी तिच्या उतारावर सायकलींची वाट खणली. त्यांचा घाम खरा, हेतूही निर्मळ. पण काठी टेकीत दर्शनाला चढणाऱ्या वृद्धेला कोणी विचारले काय? सरळ खाली उतरणारी वाट पावसाळ्यात ओहोळ होते आणि माती वाहून नेते. ती माती कोणाच्या दारात जाईल? न विचारता दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या माथी मारलेली असते. तिला दान म्हणवत नाही. कॅलिफोर्नियातही पायी फिरणाऱ्यांनी हरकत घेतली, कित्येक वाटा सायकलस्वारांना बंद झाल्या, तेव्हा १९८८ साली त्यांच्या मंडळांना एकत्र येऊन संघटना उभारावी लागली.

धार जिल्ह्याला लागूनच असलेल्या झाबुआत भिल्ल समाजाची ‘हलमा’ नावाची रीत आहे. एकट्याच्याने न निभणारे काम पडले, की तो माणूस हाक घालतो आणि लोक मजुरी न घेता धावून येतात. येथे हाक आधी, कुदळ मागून; म्हणजे स्वीकार श्रमाच्या पूर्वीच झालेला असतो. याच रीतीने हाथीपावा डोंगरावर हजारो हातांनी उताराला आडवे चर खणले आहेत, पावसाचे पाणी तेथेच मुरावे म्हणून.

कोणी विचारील, सर्वांच्या संमतीची वाट पाहत बसलो तर एक तरी वाट निघेल काय? सर्वांची संमती मिळेलच असे नाही. पण सर्वांना विचारणे तर आपल्या हाती आहे. आणि वाट झाल्यावरही काम संपत नाही. देवळात समई अर्पण करणाऱ्याची समईवर मालकी उरत नाही. तेल घालण्याची सेवा मात्र त्याला करता येते. वाट खणणाऱ्यानेही तेवढ्याच अधिकाराची अपेक्षा ठेवावी: दर पावसाळ्यानंतर कुदळ घेऊन पुन्हा तेथे जाण्याची.