वायलची चिंधी

नारायण पेठेतल्या एका बोळात ब्लाउज शिवणाऱ्या मास्तरांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशिनं, एक बेतायची फळी आणि हाताखाली सख्खा भाचा. काजं-बटणं, हूक, हातशिलाई असं सगळं भाच्याला जमायला लागलं, तेव्हा मामा म्हणाले, "आता बेतायला शीक. पण माझ्या कात्रीला हात लावायचा नाही. तुझी तू आण." शिंप्याच्या घरात वाढलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. मास्तर एक वेळ गल्ला उघडा टाकून चहाला जाईल, पण कात्री दुसऱ्याच्या हातात देणार नाही. त्या कात्रीनं कुणी कागद कापला, तर घरात महाभारत.

मामांनी पैसे दिले आणि त्यासोबत वायलची वीतभर चिंधी दिली. "बोहरी आळीत आपल्या शेठकडे जा. नीट बघून घे." भाच्यानं पैसे चिंधीत गुंडाळून खिशात टाकले आणि निघाला.

"शेठ, जर्मन कात्री दाखवा."

शेठनी दाखवली. किंमत ऐकून भाच्यानं ती हळूच काउंटरवर परत ठेवली. आळीतून बाहेर पडतो तो रस्त्याच्या कडेला चादर पसरून एक जण बसलेला, आणि त्याच्याकडेही जर्मनी! तशीच काळी मूठ, पात्यावर इंग्रजीत ठसठशीत जर्मनीचं नाव, भाव शेठच्या तिसरा हिस्सा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद भाच्यानं शंभरदा ऐकला होता आणि दर वेळी हसलाही होता. पण जर्मनी तिसऱ्या हिश्शात मिळत असताना असले विनोद कुणाला आठवतात?

सुती अस्तर त्या कात्रीनं झकास कापलं. कॅनव्हासही कापला. मग एका बाईंच्या मुलीच्या लग्नातला रेशमी ब्लाउजपीस फळीवर आला. भाच्यानं खडूच्या रेघेवरून कात्री घातली. सरळ काप ठीक गेला. गळ्याच्या वळणावर मात्र टोकानं कापायची वेळ आली, आणि कापड तुटायच्या ऐवजी दोन पात्यांच्या मधे दुमडून बसलं. सोडवायला गेला तर दोरे ओढले गेले. पीस साडीतलाच, त्यामुळे दुसरा आणायची सोय नाही. शेवटी गळा ठरल्यापेक्षा बोटभर खोल झाला, बाईंनी ऐकवायचं ते ऐकवलं आणि मामांनी शिलाई घेतली नाही. भाच्याला ते ओरडलेही नाहीत. "चिंधी कापून बघितली होतीस का?" एवढंच विचारलं. चिंधी अजून खिशातच होती.

भाचा दुसऱ्या दिवशी शेठसमोर हजर. या खेपेला पक्का स्वदेशी होऊन आलेला.

"शेठ, ते जर्मन-बिर्मन काही नको. आपली मेरठची द्या."

शेठनी चष्मा कपाळावर सारला. "परवा जर्मनी मागितलीस, आज मेरठ मागतोस. कात्री कधी मागणार?"

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. शेठनी दोन चहा सांगितले आणि एक गोष्ट सांगितली. त्यातले सन मी घातलेत, गोष्ट शेठची.

इंग्लंडात शेफील्ड नावाचं गाव. सुऱ्या-कात्र्यांत त्याचा जगभर दबदबा. जर्मनीत सोलिंगेन हे दुसरं गाव. तिथलेही कारागीर पिढीजात, पण एकोणिसाव्या शतकात स्वस्ताईच्या नादी लागलेले. घडीव पोलादाच्या जागी ओतीव माल घालायचा आणि वर शिक्का शेफील्डचा मारायचा. "तुझ्या त्या चादरवाल्याचे पूर्वज समज," शेठ म्हणाले. ही अवस्था जर्मनांच्याच एका माणसानं चव्हाट्यावर आणली. 1876 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथून फ्रान्झ रोलो या यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकानं मायदेशी पत्रं लिहिली, की आपल्या मालाचं ब्रीद एकच आहे, 'स्वस्त आणि वाईट'. पत्रं छापून आली आणि देशभर संताप उसळला, तो आधी मालावर नव्हे, प्राध्यापकावर.

इकडे शेफील्डवाल्यांनी सरकारदरबारी ओरड केली. 1887 साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, की ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह परदेशी मालावर असेल, तर तो कुठल्या देशात झाला हेही त्यावर लिहायचं. दोन वर्षांनी हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. हेतू उघड होता. लोकांनी जर्मनीचं नाव वाचावं आणि वस्तू खाली ठेवावी.

"मग ठेवली का?" भाच्यानं विचारलं.

"थोडे दिवस ठेवली असेल. पण तोवर जर्मन माल सुधारायला लागला होता. नाव लपवायची सोय गेली, म्हणून तेच नाव चांगलं करावं लागलं." 1896 साली लंडनमध्ये 'मेड इन जर्मनी' नावाचं पुस्तकच निघालं, इंग्रजांना सावध करणारं, की घरात जिकडे बघाल तिकडे जर्मन वस्तू शिरल्या आहेत. आणि एके काळी दुसऱ्याचा शिक्का मारणाऱ्या सोलिंगेनला 1938 साली आपल्याच नावाला कायद्याचं कुंपण घालून घ्यावं लागलं; त्या भागात झालेल्या सुरी-कात्रीखेरीज कुणी ते नाव वापरायचं नाही!

"जपानचंही तेच," शेठ म्हणाले. "माझे वडील जपानी माल म्हणजे चार दिवसांचा म्हणायचे. मी जपानी कात्री विकतो, तर गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देऊन नेतं." मधल्या काळात काय झालं, तर डेमिंग नावाचा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानी कारखानदारांना दर्जा कसा राखायचा ते शिकवून आला, आणि त्यांनी ते ऐकलं. पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. अमेरिकेतल्या कारखानदारांना तो माणूस आठवायला पुढं तीस वर्षं लागली.

चहा संपला. शेठनी मेरठच्या कात्र्यांचं खोकं काउंटरवर उपडं केलं आणि एक कात्री मिटून दाराच्या उजेडासमोर धरली. "बघ. मधे बारीक फट दिसते? पाती किंचित बाकदार हवीत. मिटल्यावर टेकायची ती टोकाला आणि इकडे स्क्रूपाशी. सपाट चिकटलेली असली तर दोन महिन्यांत कापड दुमडायला लागेल. आता चिंधी काढ. जाड कापड दाखवू नको, ते कुठलीही कात्री कापते. टोकाच्या शेवटच्या अर्ध्या इंचानं वायल काप."

पहिलीनं वायल दुमडली. दुसरीनं कापली, पण मिटताना खर्रकन आवाज आला. तिसरी सुळकन गेली. एकाच खोक्यातल्या, एकाच शिक्क्याच्या! शेठनी मग दुसऱ्या खणातून एक चिनी काढली, तीही सुळकन गेली. आणि परवाची जर्मनही काढली, ती सर्वांत सुरेख गेली. भाच्याची पंचाईत झाली.

"म्हणजे देश बघायचाच नाही?"

"बघायचा की. सोलिंगेनचा कारागीर वाईट पातं सहसा बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तू दहातली एक तपासलीस तरी चालेल, आणि त्या तपासणीचेच मी जास्त पैसे घेतो. मेरठमधे गाडीच्या जुन्या पाट्यांच्या पोलादाची चांगली कात्री होते, पण मेरठच्या नावाखाली सगळंच येतं. तिथं दहाच्या दहा तुलाच तपासायच्या. चीनमधे तर जसा भाव सांगाल तसा माल, वर आणि खाली दोन्हीकडे. फक्त आयात मालाच्या वेष्टनावर देशाचं नाव, आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि किंमत आहे का बघ. तुझ्या चादरवाल्याच्या जर्मनीवर कुणाचा पत्ता होता?"

भाच्यानं खोक्यातली तिसरी मेरठ घेतली. जर्मनीपेक्षा ती सरस होती म्हणून नव्हे. पैसे तेवढेच होते, आणि तिला धार लावणारा, स्क्रू बसवून देणारा माणूस आळीच्या तोंडाशीच बसत होता. मामांनी पात्यावरचं नाव वाचलं नाही. चिंधीचा उरलेला तुकडा टोकानं कापला आणि म्हणाले, "चालेल. उद्यापासून अस्तरं तू बेत. रेशीम दिवाळीनंतर."

वाचकहो, कात्री घ्यायला जाल तेव्हा तुम्हीही पातळ कापडाचा तुकडा सोबत न्या. दुकानदार तो कापून बघू देत नसेल, तर पात्यावर नाव कुठल्याही देशाचं असो, पुढचं दुकान गाठा.