जे दिसतं, तेवढंच

महाराष्ट्रात कर्जत दोन. एक रायगड जिल्ह्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं, मुंबईची लोकल जाते ते. मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं त्याच मार्गावर वांगणीला उतरून रात्री जागवत आले. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनांमुळे वांगणी हे नाव हौशी निरीक्षकांच्या तोंडी बसलं. दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेचं. इथं लोकल नाही आणि धबधबेही नाहीत. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि या तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला पाऊस येतो, तोही येईल त्या वर्षी. शेतकऱ्याच्या हिशेबात ही तूट आहे. पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कोरडी हवा, निरभ्र रात्री आणि उघडं क्षितिज हे सगळं त्याच तुटीच्या पोटातून आलेलं आहे. याच तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य आहे, आणि तिथले काळवीट दाट झाडीत नव्हे तर गवताळ माळावर राहतात. ज्या मोकळ्या जागेत काळवीट सुखानं धावतो, तिथं आकाशही जमिनीला टेकेपर्यंत दिसतं.

या कोरड्या पट्ट्याची किंमत खगोलशास्त्रज्ञांना फार पूर्वी कळली होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली दख्खनवरून जाणार होती. ती गाठायला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपलं पथक घेऊन जेऊरला उतरले. हे जेऊर सोलापूर जिल्ह्यातलं, दौंड–सोलापूर लोहमार्गावरचं. कर्जतपासून सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही त्याच जेऊरला आले होते. सोबत त्यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा आणला होता. दोन-एक मिनिटांच्या अंधारासाठी अर्धं जग ओलांडून माणसं या माळावर आली, कारण जानेवारीत इथं ढग आडवे येण्याची शक्यता कमी.

आज त्याच पट्ट्यात एखाद्यानं परसात आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडली, तर त्याला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. पौषातली अमावास्येच्या आसपासची कुठलीही रात्र पुरते. ही दुर्बीण म्हणजे एक लांब नळी, तळाशी अंतर्वक्र आरसा आणि खाली प्लायवूडची फिरती बैठक. जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत ही सुटसुटीत बांधणी लोकप्रिय केली. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोल संशोधन केंद्रातल्या कार्यशाळांमधून महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी असे आरसे हातानं घासून दुर्बिणी बनवल्या. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते. दोनशे मिलिमीटरचा आरसा त्याच्या आठशे पट प्रकाश गोळा करतो. एवढं बळ हाताशी असल्यावर अपेक्षा वाढणं साहजिकच.

म्हणूनच पहिला अनुभव बहुतेकांचा हिरमोडाचा असतो. रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र माथ्याकडे चढलेलं असतं. त्यातल्या तीन ताऱ्यांच्या तिरकांडाखालचा तेजोमेघ, एम ४२, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा, सगळ्या आकाशातला सर्वांत देखणा मानला जाणारा. बघायला आलेला पोरगा आयपीसला डोळा लावतो, थोडा वेळ थांबतो आणि विचारतो, ‘‘काका, हाच का तो?’’ त्याच्या मोबाइलवरचा तेजोमेघ गुलाबी-जांभळा असतो, कडांना निळसर झळाळी असलेला. इथं दिसतो तो राखाडी धूर, मध्ये चार बारीक ठिणग्या, आणि फार तर हिरवटपणाचा भास.

दोष दुर्बिणीचा नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी वेगळ्या असतात. तेजोमेघाचा उजेड शंकुपेशींना जागं करायला पुरत नाही, आणि दंडपेशींना रंग कळत नाही. शिवाय दंडपेशी दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर नसतातच, त्या सभोवती असतात. म्हणून अंधूक गोष्ट पाहायची तर तिच्याकडे सरळ न पाहता जरा बाजूला पाहावं लागतं. या तिरप्या नजरेनं मघाचा धूर हळूहळू पंख पसरू लागतो, त्यात एक काळी खाच दिसते, कड जाणवते. पण त्याआधी डोळे निदान अर्धा तास अंधारात असायला हवेत. त्या अर्ध्या तासात कुणी मोबाइल उघडला की पुन्हा श्रीगणेशा.

खोल आकाशाच्या निरीक्षणातली खरी अडचण इथून सुरू होते, आणि ती डोळ्यांपेक्षा मनाची आहे. पाहणाऱ्याला काय दिसायला हवं हे आधीच ठाऊक असतं. मग जे दिसतं ते खोटं वाटू लागतं, किंवा जे दिसत नाही तेही दिसल्यासारखं वाटू लागतं. दोन्ही बाजूंना घसरण आहे.

हीच परीक्षा नायगमवालांनी १८९१ मध्ये दिली होती, तीही याच मृगातल्या तेजोमेघावर. त्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की काही मोजक्या तेजस्वी रेषा दिसतात, आणि त्यांतली सर्वांत ठळक हिरवी असते. ती कशामुळे उमटते यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला होता. नॉर्मन लॉकयर हे त्या काळातलं वजनदार नाव. तेजोमेघ म्हणजे उल्कांच्या आदळआपटीतून तापलेला पसारा, असा त्यांचा सिद्धांत होता आणि ती रेषा मॅग्नेशियमची असल्याचा त्यांचा दावा होता. तसं असेल तर रेषा एका बाजूला झिरपल्यासारखी, पट्टेदार दिसायला हवी. वर्णपटाचे दुसरे अभ्यासक विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हतं. पुण्यातून नायगमवालांनी पाहिलं आणि लिहिलं, की रेषा बारीक, रेखीव आणि दोन्ही बाजूंनी सारखीच आहे. झालर नाही. वसाहतीतल्या एका कॉलेजचा प्राध्यापक लंडनमधल्या अधिकारी माणसाच्या सिद्धांताविरुद्ध जाणारी नोंद छापतो, ती केवळ आपल्याला तसं दिसलं म्हणून. लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनीही रेषेची जागा नेमकी मोजून मॅग्नेशियमचा दावा मोडीत काढला होता.

गंमत अशी, की ती रेषा कशाची आहे हे नायगमवालांनाही ठाऊक नव्हतं, हगिन्सनाही नव्हतं. पृथ्वीवर अशी रेषा देणारं मूलद्रव्य सापडेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच द्रव्य कल्पिलं गेलं. उलगडा झाला १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला ओळखीचा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो, की अणू एकमेकांवर आदळण्याआधी निवांतपणे हा प्रकाश सोडू शकतात. पृथ्वीवरच्या दाट हवेत त्यांना ती सवड मिळत नाही. या रेषेची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. माणसाच्या दंडपेशी सर्वांत संवेदनशील असतात त्याही ५०० नॅनोमीटरच्या आसपास. हा निव्वळ योगायोग, पण त्याच्यामुळे कर्जतच्या परसातून असे तेजोमेघ अधिक सहज दिसतात. हौशी निरीक्षक आयपीसला ‘ओ-थ्री’ नावाचा फिल्टर लावतात, तो बाकीचा उजेड अडवून मुख्यतः हीच रेषा आणि तिची शेजारीण आत सोडतो. नायगमवालांनी तपासलेल्या उजेडाचीच ती चाळणी आहे.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये नायगमवालांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात पुढे १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था उभी राहिली, ती मात्र हौशी लोकांची.

आधीच्या माहितीनं डोळा कसा भरकटतो याचे दाखले आकाशात जागोजाग आहेत. मध्यरात्रीनंतर ईशान्येकडून सप्तर्षी वर येतात. विदर्भातल्या गोंडांना त्यांतल्या चार ताऱ्यांत म्हातारीची खाट दिसते आणि शेपटीच्या तिघांत ती पळवायला आलेले चोर. ज्यांच्या कानावर ऋषींची गोष्ट आधी पडली, त्यांना ऋषी दिसतात. हे झालं लोककथेचं. पण विज्ञानातही मंगळावरच्या रेषा १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्लींना दिसल्या, आणि त्यानंतर पर्सिव्हल लॉवेल यांना त्या कालव्यांचं भलंमोठं जाळं होऊन दिसत राहिल्या. अवकाशयानं गेली तेव्हा तिथं कालवा एकही नव्हता.

उलट बाजूचा दाखला शार्ल मेसिए यांचा. धूमकेतू शोधणाऱ्या या फ्रेंच माणसानं धूमकेतूसारखे भासणारे, पण न हलणारे ठिपके टाळण्यासाठी यादी केली; एम ४२ मधला ‘एम’ तिचाच. म्हणजे मुळात ती ‘इकडे वेळ घालवू नका’ अशी यादी, आणि आज जगभरचे हौशी लोक तिच्याच ११० वस्तूंमागे रात्री घालवतात. त्या यादीतला चाळिसावा आकडा विलक्षण आहे. आधीच्या काळातले निरीक्षक हेव्हेलियस यांनी सप्तर्षींत एका जागी तेजोमेघ असल्याचं लिहून ठेवलं होतं. मेसिएंनी १७६४ मध्ये तिथं दुर्बीण रोखली. त्यांना तेजोमेघ दिसला नाही, शेजारी-शेजारी दोन साधे तारे दिसले. त्यांनी तसंच नोंदवलं. एम ४० ही आजही सगळ्या यादीतली सर्वांत निरस वस्तू मानली जाते, आणि कदाचित सर्वांत प्रामाणिकही.

म्हणजे कोऱ्या मनानं पाहावं का? तसंही चालत नाही. सप्तर्षींच्या शेपटीजवळची एम ५१ ही दीर्घिका आठ इंची दुर्बिणीतून दोन जोडलेले फिकट डाग होऊन दिसते. तिचे सर्पिल हात पहिल्यांदा टिपले ते लॉर्ड रॉस यांनी, १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बहात्तर इंची अजस्र दुर्बिणीतून. एकदा त्यांचं चित्र लोकांसमोर आल्यावर लहान दुर्बिणींतूनही काहींना ते हात दिसू लागले. त्यांतल्या काहींना खरोखर दिसले असणार, कारण कुठं आणि काय शोधायचं हे कळल्यावर डोळा जास्त टिपतो. काहींना फक्त आठवले असणार. दोन्हींतला फरक बाहेरून कुणाला सांगता येत नाही. म्हणून जुनेजाणते निरीक्षक एक साधी शिस्त पाळतात: आधी कागदावर पेन्सिलीनं दिसेल तसं काढायचं, वेळ आणि हवा लिहायची, आणि मगच फोटो उघडायचा. क्रम उलटा झाला की चित्र फोटोचं निघतं.

अशा नोंदींना घाई नसते, हे देवयानी दीर्घिकेनं दाखवून दिलं आहे. कर्जतच्या आकाशात जानेवारीच्या संध्याकाळी ती नुसत्या डोळ्यांनी, पुसट डागासारखी दिसते. इराणमधल्या अल-सूफींनी इ. स. ९६४ च्या ग्रंथात तिला ‘लहानसा ढग’ म्हटलं होतं. दुर्बीण आली, मोठी झाली, तरी ढगच राहिला. तो आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर, यावर १९२० मध्येही जाहीर वाद झाला. १९२३ मध्ये एडविन हबल यांना तिच्यात रूपविकारी तारा सापडला, त्यावरून अंतर निघालं, आणि ढगाची दीर्घिका झाली. आजच्या मोजणीनं २५ लाख प्रकाशवर्षं दूर. जवळजवळ हजार वर्षं अल-सूफींची नोंद अपुरी होती, पण चुकीची कधीच नव्हती. त्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं होतं.

हे सगळं ज्या अंधारावर चालतं, तो मात्र पातळ होतो आहे. चौकाचौकांत हायमास्ट आले, वस्त्यांवर पांढरे एलईडी आले. याबद्दल शहरी निरीक्षकानं नाक मुरडणं सोपं आहे. पण रात्रपाळीच्या विजेवर दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला पायाखालचा साप आणि बांधावरचा बिबट्या दिसायला उजेड लागतोच. प्रश्न उजेड असावा की नसावा हा नाही. तो खाली पडावा की आकाशात उधळावा, एवढाच आहे. दिव्याला वरून टोपी घातली आणि रंग पांढऱ्याऐवजी पिवळसर ठेवला, तर रस्ता तितकाच दिसतो. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत दिवे असेच बदलले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. दुष्काळी म्हणून शिक्का बसलेल्या कर्जतसारख्या तालुक्याकडे या बाबतीत गमावण्याजोगं बरंच काही आहे, आणि त्याची मोजदाद कुठल्याही पैसेवारीत होत नाही.

दरम्यान स्वयंचलित छोट्या दुर्बिणीही आल्या आहेत. त्या आपणच वस्तू शोधतात, लागोपाठ फोटो एकावर एक रचतात आणि दहा मिनिटांत मोबाइलवर रंगीत तेजोमेघ उतरवतात. शाळेच्या मैदानात दोनशे मुलांना आकाश दाखवायचं तर त्यांच्यासारखं साधन नाही, आणि ती चित्रं खोटीही नाहीत. कॅमेरा जे साठवतो ते डोळा साठवू शकत नाही इतकंच. मात्र काय महत्त्वाचं आणि काय दिसलंच नाही, हा निवाडा तिथं यंत्रात आधीच झालेला असतो. मुलाच्या वाट्याला निकाल येतो, पाहणं येत नाही.

पहाटे साडेचार-पाचला दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी क्षितिजापासून वीस-एक अंश वर येतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. एडमंड हॅली यांना तो नोंदवायला १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर जावं लागलं. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा, कोटीभर ताऱ्यांचा हा गोलाकार गुच्छ. आपल्या आकाशगंगेनं कधीकाळी गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा तो गाभा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या केंद्राजवळ अतिवेगानं फिरणारे सात तारे हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या चित्रांतून सापडले आणि तिथं सूर्याच्या निदान ८,२०० पट वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचा पुरावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जतच्या परसातल्या आठ इंची दुर्बिणीतून यातलं काहीही दिसत नाही. कडेचे तारे दाण्यादाण्यानं सुटे होतात, मधला भाग सुटत नाही, आणि क्षितिजाजवळच्या अस्थिर हवेनं सगळं किंचित थरथरतं. निरीक्षकाच्या वहीत त्या रात्रीच्या तारखेखाली एवढंच यायला हवं: कडा सुट्या, मध्य सुटला नाही, हवा अस्थिर. पुढच्या वर्षी दहा इंची आरसा घेऊन कुणी तिथंच बसला, तर त्याला ताडून पाहायला ही ओळ उपयोगी पडते. कृष्णविवराची माहिती तो पुस्तकातूनही घेऊ शकतो.