फेंफरें थांबलें म्हणजे कर्तव्य संपलें काय?

रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांस ऐकून ठाऊक असेल. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई ह्या विधवेशीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९३ सालीं विवाह केला, तेव्हां ह्या गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. पुढें १९५८ सालीं त्याच पुरुषास भारतरत्न हा बहुमान मिळाला, व आज गांव त्यांचें नांव अभिमानानें घेतें. बहिष्कार घालणारे लोक दुष्ट नव्हते. आपण धर्म राखीत आहों, असें त्यांस वाटत होतें. ह्यावरून एक प्रश्न आम्हांस सुचतो. आम्ही जिला सावधगिरी म्हणतों, ती कधीं कधीं बहिष्कारच नसते काय? हा प्रश्न आज आम्ही फेंफऱ्याच्या रोग्यांविषयीं विचारीत आहों.

फेंफरें, म्हणजे अपस्मार, हा मेंदूचा विकार होय. मेंदूंतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह एकाएकीं बेताल झाले म्हणजे झटका येतो. तो स्पर्शानें पसरत नाहीं, व जोडा हुंगवून जात नाहीं. जगांत सुमारें ५ कोटि लोकांस हा रोग आहे. योग्य औषध नियमानें मिळाल्यास शेंकडा ७० जणांचे झटके थांबूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

परंतु झटका दोनतीन मिनिटांचा असतो. त्याचें भय दिवसभर असतें. समजा, मुरुडच्या वाडींत माडावर चढून पोट भरणाऱ्या तरुणास हा रोग जडला. माडावर चढणें, एकट्यानें विहिरीवर जाणें, समुद्रांत उतरणें त्यास सोडावें लागतें, आणि तें योग्यच आहे. पण त्याबरोबर मजुरी गेली, सोबती गेले, लग्नाचें बोलणें मोडलें. मग तो जेवत नाहीं, झोंपत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, आळशी झाला; आम्ही उपदेशक म्हणतों, विश्वास उणा पडला. आम्ही सारेच चुकतों.

विषण्णता व चिंता हे विकार अपस्माराच्या रोग्यांत इतरांपेक्षां पुष्कळ अधिक आढळतात. त्यांचें कारण केवळ दुःख नव्हे. ज्या मेंदूंत झटका उठतो, त्याच मेंदूंत भावनांचेंही स्थान आहे. फिनोबार्बिटोन, लेव्हेटिरासेटाम ह्यांसारख्या औषधांनींही कित्येकांचें मन खिन्न किंवा चिडखोर होतें. झटक्यांची मालिका संपून एकदोन दिवस बरे गेल्यावर भ्रम झाला, असेंही घडतें. तर मग ताप आला म्हणून ज्यास आम्ही दोष देत नाहीं, त्यास ह्या उदासीनतेबद्दल दोष कां द्यावा? खचलेला रोगी औषध सोडतो, झटके वाढतात, आणि तो अधिकच खचतो. कित्येकांच्या मनांत आत्मघाताचेही विचार येतात.

मार्काच्या नवव्या अध्यायांतील मुलास तर भूत लागलें होतें, असें कोणी म्हणतील. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. हें केव्हांपासून होतें, असें प्रभूनें बापास विचारिलें. त्याच्या अपुऱ्या विश्वासामुळें त्यास लोटून दिलें नाहीं. आणि मुलाचा हात धरून त्यास उठविलें. विचारणें, न लोटणें, हात देणें, हीं तिन्ही कामें आम्हांसही करितां येतात.

म्हणून झटका आला असतां रोग्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये. झटका पांच मिनिटांहून अधिक चालला तर दवाखाना गांठावा. तो थांबल्यावर पुढल्या दिवसांत मन कसें आहे, झोंप लागते काय, जीव नकोसा होतो काय, हें स्पष्ट विचारावें. असें विचारल्यानें आत्मघाताची कल्पना मनांत शिरत नाहीं. उलट बोलून ओझें हलकें होतें. जें कळेल तें डॉक्टरांस सांगावें. औषध एकाएकीं बंद करूं नये. विषण्णतेवरील बहुतेक औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं फेंफऱ्याच्या औषधांबरोबर घेतां येतात. दापोलीस सरकारी रुग्णालय आहे, रत्नागिरीस प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथें जाण्यांत लाज नाहीं. २०२२ पासून सरकारनें १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं विनामूल्य सल्ल्याची सोय केली आहे.

हिंदु विवाहाच्या कायद्यांत अपस्मार ही विवाहास अडचण म्हणून लिहिली होती. १९९९ सालीं ती काढून टाकिली. कायद्यानें जें सोडिलें, तें आम्हीं मनांत धरून बसावें काय? फेंफरें थांबविणें हें वैद्याचें काम. पण त्या तरुणास पुन्हां पंक्तीस बसविणें व झेपेल तें काम देणें, हें आमचें आहे. तें झाल्यावांचून आमचें कर्तव्य संपलें, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.