घड उतरल्यावर

स्वस्थ बसा. देडतलाईहून बुऱ्हाणपूरकडे जाताना तापीकाठची एखादी केळीबाग मनात आणा. घड उतरले, ट्रक भरून गेले. मागे उभी आहेत पाण्याने जडावलेली खोडं.

केळीचं खोड एकदाच फळतं. घड कापला की त्याचं काम संपतं. बुंध्याशी पुढचं पील केव्हाच वाढीला लागलेलं असतं. हेक्टरी ६० ते ८० टन माल असा मागे राहतो. शेतकरी तो बांधावर ओढतो, वाळला की पेटवतो. रान मोकळं करायला हवं असतं, मजुरी खिशातून जाते. त्याला बोल लावू नका. श्वास संथ होऊ द्या, आणि त्या ढिगात काय आहे ते बघा.

पालाश आहे, म्हणजेच पोटॅश. केळीला तो फार लागतो, आणि पोटॅश खत आपल्याकडे परदेशातून जहाजाने येतं. विकत घेऊन घातलेल्या त्या पालाशातला बराचसा घडाबरोबर बाजारात जातच नाही, खोडापानांत राहतो. इथे थोडं रेंगाळा. समुद्र ओलांडून आलेलं खत बांधावर पडलं आहे. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवखत तयार केलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

आता कुणाचे तरी हात डोळ्यांपुढे आणा. खोड उभं चिरलं जातं, एकेक सोप सुटी होते, यंत्रात सरकते. पलीकडे ओला, चकाकता धागा निघतो. शंभर किलो खोडामागे जेमतेम किलो-दीड किलो. उरलेला चोथा गांडूळखताला जातो.

याच जिल्ह्यात नेपानगर आहे. तिथल्या कागद गिरणीचं लोकार्पण १९५६ साली पंडित नेहरूंनी केलं. तेव्हा तिला सलई आणि बांबू लागत. आज ती रद्दीवर चालते. टाकलेल्यातून उद्योग उभा राहतो, हे या मुलखाला नवं नाही.

बुऱ्हाणपूरने ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून केळी निवडली. जिल्ह्यात बचत गटांतल्या बायका केळीच्या धाग्याच्या टोप्या विणतात. अशी एक टोपी मनात हातावर घ्या, बोटांनी वीण चाचपा. ती विणणारीच्या पदरात तिच्या किमतीतले किती रुपये पडतात? टोपीचं कौतुक करण्याआधी हे विचारायला हवं.